अभिप्रायार्थ प्रत

मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली. या तीस वर्षांत कितीतरी शहाण्यांनी मला विचारलंय, "ताई, आता मोठ्यांच्या पुस्तकांवर कधी लिहिणार?" म्हणजे हे शिकाऊ काम, आणि नीट केलं तर मला बढती मिळणार! अशा माणसाला मी चहासुद्धा विचारत नाही.

मिरजेत बसून साप्ताहिकाच्या पुरवणीत लिहिणारी सुलक्षणा नेर्लेकर हे नाव बालसाहित्यवाल्यांना चांगलंच ठाऊक आहे. काही लेखक देवापुढे नारळ ठेवून मगच मला पुस्तक पाठवतात म्हणे. मी काही राक्षसीण नाही, पण मला काही गोष्टी खपत नाहीत. शेवटच्या पानावर उपदेश आला की माझं डोकं फिरतं. आळशी पोराला एका रात्रीत अक्कल आली की मी पुस्तक मिटते. आणि सगळ्यात मोठी चीड मरणाच्या लपवाछपवीची. कुत्रा मेला तर मेला म्हणा की! 'दूर निघून गेला' म्हणजे काय? पुण्याला गेला? मुलांना सगळं कळतं, भित्रे आपण असतो. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की संपादक आता ते मला न विचारताच कापतात.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ श्रीरंग मेंदूज्वरानं वारला. आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. त्याची मुलगी इरावती, आमची इरू, तेव्हा दहा वर्षांची होती. अतिदक्षता विभागात लहान मुलांना सोडत नाहीत आणि आपल्याकडे मुलांना स्मशानातही नेत नाहीत. तिला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. परत आणली तेव्हा घरात पाहुणे होते, कोपऱ्यात दिवा होता आणि बाप नव्हता. तिच्या आजीनं, म्हणजे श्रीरंगची बायको ऋतुजा, तिच्या आईनं, तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "बाबा देवाच्या गावाला गेले हो." इरूनं विचारलं, "मग कधी येणार?" मी तोंड उघडणार एवढ्यात ऋतुजानं माझा हात घट्ट धरला. "आज नको, ताई." ते 'आज नको' पुढे वर्षभर पुरलं.

पोर रडली नाही. शाळेत जायची, जेवायची, अभ्यास करायची. फक्त दाराची बेल वाजली की हातातलं काम टाकून बघायची. दूधवाला दिसला की परत कामाला लागायची. तिला कुणीतरी सरळ सांगायला हवं होतं आणि आम्ही तीन बायका एकमेकींकडे बघत बसलो होतो. मला वाटलं, एखादं पुस्तक सांगेल. मी दुसरं काय देणार तिला? जन्मभर हाच एक उद्योग केला आहे.

अशात प्रकाशक बोरवणकर 'सोबत' नावाचं नव्या जातीचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आले.

दिसायला ते साधं पुस्तक होतं. पुठ्ठ्याची बांधणी, दोनशे पानं. पण पानांचा कागद कागद नव्हता, त्यावरची अक्षरं बदलू शकत होती. समासात मोहरीएवढे डोळे बसवलेले, कण्याला एक पट्टी, जिथे धरताना आपला अंगठा येतो. मोठ्यानं वाचणाऱ्या मुलांसाठी एक बारीक कानही होता. बोरवणकर उत्साहानं सांगत होते आणि मी त्यांना खोडून काढायला टपलेली होते. तरी एवढं मात्र मान्य करते की त्यांनी नीट समजावलं. मन गुंतलं की डोळ्यातली बाहुली रुंदावते, ते कुणाच्या हातात नसतं. कंटाळा आला की नजर ओळींवरून घसरते. एखादा शब्द लागला की नजर त्याच्याकडे परत वळते. अंगठ्याखाली नाडी पळते, तळव्याला घाम येतो. हे सगळं पुस्तक टिपतं आणि तुम्ही पान उलटायच्या आत पुढचं पान तुमच्यासाठी लिहून ठेवतं. लेखक फक्त बीज देतो. माणसं कोण, गाव कुठलं, सुरुवात कशी. बाकीचं वाचणाऱ्याच्या डोळ्यांतून उगवतं.

"हे पुस्तक आहे का सरडा?" मी म्हटलं. "आणि याचं परीक्षण मी कसं करायचं? मी वाचलं ते वेगळं, वाचकाच्या हातात ते वेगळं. मला नाही जमायचं. ठरलेला मजकूर द्या, नाहीतर घेऊन जा."

बोरवणकर हसले. "ताई, तुमचा स्वभाव काय मला माहीत नाही? तुमच्यासाठी गोठवलेली प्रत आणलीय. त्यातलं एक अक्षर हलणार नाही. हा बघा शिक्का."

पहिल्या पानावर जुन्या पद्धतीचा जांभळा शिक्का होता, 'अभिप्रायार्थ'. असले शिक्के हल्ली कोणी मारत नाही. मी खूश झाले.

'घाटमाथ्याचा ट्रक' असं त्या कादंबरीचं नाव. बब्बी नावाची मुलगी, तिचा बाप दौलत ट्रक चालवतो. एके दिवशी घाटातून तो परत येत नाही. बब्बी आणि म्हातारा क्लीनर रशीदचाचा त्याला शोधत निघतात, ढाब्याढाब्यावर विचारत जातात. कुठे डाळ चांगली असते, कुठे मालक खेकसतो. आणि शेवटी दरीत ट्रक सापडतो. रशीदचाचा सांगतो, "तुझा बाप मेला, पोरी." बस्स, एवढंच. देव नाही, तारा नाही, ढगातून हसणारा चेहरा नाही. बब्बी दगडावर बसते, रडते, मग तिला भूक लागते आणि ती फडक्यातली भाकरी सोडून खाते. त्या भाकरीपाशी मी ढसाढसा रडले. श्रीरंग गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते.

माझ्या परीक्षणाचा मथळा होता, 'याच पुस्तकाची वाट पाहत होते'. मी असं कधी लिहीत नाही, त्यामुळे सगळीकडे बोलबाला झाला. शाळांनी वाचनाच्या तासाला ते पुस्तक लावलं. बाकीच्या प्रतींत तपशील हलले तरी शेवट तोच असणार, असं मी धरून चालले होते. आणि मी ऋतुजाला फोन करून सांगितलं, "इरूला दे हे. रडेल, घाबरू नकोस. रडेल आणि सुटेल."

थोड्या दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले तर पोर दारातच माझ्या गळ्यात पडली. "आत्या, काय भारी पुस्तक दिलंस गं!" गाल लाल, डोळ्यांत चमक. वर्षभरात तिला असं बघितलं नव्हतं. माझ्या जिवात जीव आला. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटून घेतली.

"शेवट कसा वाटला?" मी जपून विचारलं.

"शेवट? अजून कुठे! आता तर ते कोयनेच्या बाजूला गेलेत."

माझ्या प्रतीत कोयना नव्हती. पण मला वाटलं, सावकाश वाचते आहे, गावांची नावं इकडची तिकडे झाली असतील. येईल दरीपाशी.

ती काही दरीपाशी आली नाही. पुढे ऋतुजाचाच फोन आला, आवाज बसलेला. "ताई, तुम्ही या. मला नाही झेपत."

गेले तर इरू जेवणाच्या टेबलाशी पुस्तक उघडं ठेवून बसली होती. शाळा बंद केली होती तिनं. दंगा नाही, आकांडतांडव नाही, नुसतं "उद्या जाईन" म्हणायची. चेहरा शांत, हसरा. टेबलावर आम्हा तिघींशिवाय चौथं ताट मांडलेलं होतं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"बाबाचं," ती म्हणाली. "म्हणजे आज येईल असं नाही. पण तो थोडक्यात हुकतोय, आत्या. दर वेळी थोडक्यात. परवा तर त्याचा चहा गरम होता."

मी तिच्या खांद्यावरून वाचलं. बब्बी आणि रशीदचाचा एका ढाब्यावर पोचतात. मालक सांगतो, आत्ताच गेला की दौलत, पुढच्या ढाब्यावर गाठाल. ते पुढच्या ढाब्यावर जातात. तिथे तो कुणासाठी तरी निरोप ठेवून गेलेला असतो. मग त्याच्या पुढचा ढाबा. दोनशे पानांचं पुस्तक, पण पानं संपली की पहिल्या पानावर पुढचा मजकूर येऊन बसायचा. संपायचं काही कारणच नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी मी बोरवणकरांच्या कचेरीत जाऊन उभी राहिले.

"गोठवलेली म्हणालात ना? मग माझ्या पुस्तकात बाप मरतो आणि माझ्या भाचीच्या पुस्तकात तो गावोगाव चहा पीत हिंडतोय, हे काय आहे?"

"ताई, बसा तरी." त्यांनी पाणी पुढे केलं, मी घेतलं नाही. "तुमची प्रत गोठवलेलीच आहे. पण गोठवण्याआधी पुस्तक वाढवावं लागतं. कुणासाठी तरी वाढल्याशिवाय ते होतच नाही. तुम्ही तर 'सोबत'चं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, तुमच्या नजरेची नोंदच नव्हती. म्हणून आम्ही यंत्रात तुमची जुनी परीक्षणं घातली. तीस वर्षांची."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला.

"भाकरी," मी म्हटलं.

"ते तुमचंच आहे. तुम्ही पूर्वी कधीतरी लिहिलं होतं की दुःखातसुद्धा मुलांना भूक लागते, हे कुणी लिहीत का नाही? यंत्रानं ते उचललं. उपदेश नको, तारा नको, सगळं तिथलंच. लेखकानं बीजात एवढंच दिलंय की बाप हरवतो आणि मुलगी शोधायला निघते. मरतो असं त्यानं कुठे लिहिलेलंच नाही."

म्हणजे ज्या पुस्तकावर मी जीव ओवाळून टाकला ते जगात कुणीच लिहिलेलं नव्हतं. ते माझं मलाच वाढून ठेवलेलं ताट होतं, आणि मी ते चाटूनपुसून खाऊन गावभर सांगत सुटले होते की काय स्वयंपाक आहे! दुसऱ्या कुठल्या वाचकाची अशी फजिती होणं शक्य नव्हतं. त्याला एवढं लिहून ठेवायची खोड नसते.

"ते मरू दे," मी म्हटलं. "इरूचं काय? तिच्या पुस्तकाला शेवट लावा. त्या बापाला मारा."

बोरवणकर माणूस वाईट नाही हो. त्यांनी पडद्यावर इरूच्या प्रतीच्या नोंदी काढल्या आणि वाचून हळूच म्हणाले, "मेला होता तो, ताई. पहिल्या आठवड्यातच तीन-चार वेळा. पुस्तक सगळे रस्ते चाचपून बघतं ना. प्रत्येक वेळी तिनं पुस्तक मिटलं. नाडी एकदम पळाली, हात सुटले. मग पुस्तकानं तो रस्ता पुसला. तिनं परत उघडलं तेव्हा बाप जिवंत होता."

मी खुर्चीत बसले. पोरीला कुणी सांगितलं नव्हतं असं मी वर्षभर म्हणत होते. तिला सांगितलं गेलं होतं, पुन्हा पुन्हा. आणि तिनं एवढंच शिकून घेतलं होतं की पुस्तक मिटून पुन्हा उघडलं की बाप उठून चालायला लागतो.

"आम्ही सक्तीनं शेवट लावू शकतो," ते म्हणाले, "पण तिनं पुस्तक मिटलं की तो परत पुसला जाणार. मूल पुस्तक अर्धं टाकणार नाही अशी शाळांना आम्ही हमी दिलीय. सगळं यंत्र त्यावरच उभं आहे. गोठवलं तर बाप पुढच्या ढाब्याकडे निघालेला असताना गोठेल. त्यापेक्षा काढून घ्या. मी परत घेतो."

घरी येऊन मी दुसरं परीक्षण लिहिलं. इतकं जळजळीत मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. सरळ लिहिलं की मी फसले, माझं पहिलं परीक्षण रद्द समजा, मुलांच्या हातातून हे काढून घ्या. छापून आलं आणि मग पत्रांचा पाऊस पडला. एक आई म्हणाली, ताई, तुमचं काहीतरी चुकतंय, ही तर विनोदी कादंबरी आहे, आमचा मुलगा हसून लोळतो. एका मास्तरांनी कळवलं की बब्बी पहिलवान होते आणि बाप तिच्या कुस्तीला येतो. चौदा वर्षांच्या एका मुलीनं लिहिलं, ही प्रेमकथा आहे, बाप वगैरे त्यात फारसा नाहीच, तुम्ही पुस्तक न वाचता लिहिता का? कुणीच खोटं बोलत नव्हतं. माझ्या परीक्षणाला उत्तर देता येईल असा दुसरा वाचकच उरला नव्हता. संपादकांनी नम्रपणे सुचवलं की पुरवणीत आता पाककृती वाढवायचा विचार आहे.

तेही जाऊ दे म्हटलं. माझ्यापुढे एकच पोर होती.

मी आणि ऋतुजानं ठरवलं. रविवारी दुपारी मी माझी प्रत घेऊन जायचं, इरूला शेजारी बसवून दरीचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायचं. माझी प्रत मिटून उघडली तरी बदलत नाही. बाप मेलेलाच राहतो. पोर रडली की आम्ही दोघींनी तिला धरायचं, आणि तिचं पुस्तक ऋतुजानं पिशवीत घालून बोरवणकरांकडे पोचतं करायचं. "ताई, मी एकटीनं दोनदा काढून घेतलं होतं," ऋतुजा म्हणाली. "ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दाराशी जाऊन बसली. मलाच बघवेना, मी परत दिलं. ह्या वेळी तुम्ही आहात म्हणून धीर होतोय." मी म्हटलं, "मी आहे ना. मी नाही हलणार."

रविवारी इरू माझ्याजवळ निमूट बसली. मी वाचलं. आवाज कापू दिला नाही. दरी, ट्रक, रशीदचाचाचं वाक्य, सगळं वाचलं. इरूनं ऐकलं, मधे उठली नाही, कान झाकले नाहीत. भाकरीपाशी मीच पदरानं डोळे पुसले. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्या माणसानं समजूत घालावी तशी म्हणाली, "छान आहे, आत्या. हे तुझं पुस्तक आहे. तुला असंच आवडतं."

"असंच म्हणजे?"

"मेलेलं."

अगं बाई! मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, "इरू, आवडण्याचा प्रश्न नाही. बाबा वारला, सोन्या. मी तिथे होते. मी बघितलं त्याला." वर्षभर अडलेलं वाक्य अखेर माझ्या तोंडून बाहेर पडलं.

तिनं मान हलवली. "हो, माहितीये. आता माझं ऐक ना थोडं. तू माझं कधी ऐकलंच नाहीस."

दारात ऋतुजा पिशवी घेऊन उभी होती. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, दोन मिनिटं. पोरीनं माझं ऐकलं होतं, तिचं ऐकून घेणं भाग होतं. निरोप घेऊ दे तिला, असा विचार मी केला.

इरू वाचायला लागली. दौलत ढाब्यावर उतरतो. हौदावर हात धुतो आणि फडकं न घेता तीन टाळ्या वाजवून पाणी झटकतो. बाजेवर एक पाय दुमडून बसतो. चहा बशीत ओततो आणि पहिली बशी शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला देतो.

हा तर श्रीरंग! ही असली बशी मी लहानपणापासून त्याच्या हातची घेत आले होते. कसं घडलं ते मला कळत होतं. इरू त्या पुस्तकाशी बोलायची, त्याला कान होता. पुस्तकानं हजार सवयी टाकून बघितल्या असतील, जिथे बाहुली रुंदावली त्या ठेवल्या असतील. यात जादू नव्हती, भूत नव्हतं. बोरवणकरांनी सगळं समजावलं होतं आणि मी शहाण्या बाईसारखं समजून घेतलं होतं. तरी मी पुढे झुकले. नीट दिसावं म्हणून पुस्तकाला हात लावला. माझा अंगठा कण्यावरच्या पट्टीवर पडला.

इरूनं पान उलटलं. ढाब्याचा मालक दौलतला सांगतो, तुझ्या घरचं कुणी विचारत आलं होतं. दौलत हसतो. "सुली असणार. माझी थोरली बहीण. परत आली तर सांगा, रागावू नको म्हणावं. उशीर झालाय खरा, पण मी निघालोय."

सुली म्हणणारं माणूस जगात एकच होतं. माझे आईवडीलसुद्धा मला सुलक्षणा म्हणायचे.

इरू थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. "थांबू का, आत्या?"

ऋतुजा दोन पावलं पुढे आली. पुस्तक घ्यायला तिनं हात पुढे केला होता आणि माझ्याकडे बघत होती. मी नुसती मान हलवायची होती.

"वाच," मी म्हटलं.

"ताई," ऋतुजा म्हणाली, "आपलं ठरलंय."

"हो गं, ठरलंय. मी कुठे नाही म्हणते? एवढा ढाबा होऊ दे."

ती तशीच उभी राहिली. मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि इरूच्या पलीकडे येऊन बसली, आणि इरूनं पान उलटलं.